प्रश्न विचारायला विश्वास लागतो

श्रद्धा आणि शंका यांच्याविषयी आपल्याकडे एक समज इतका रुळला आहे, की तो समज आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. ही दोन एकाच तराजूची पारडी आहेत, असा तो समज. एक खाली गेले की दुसरे वर जाणार. भाविक म्हणतो, शंका घेऊ नका, श्रद्धा उणी होईल. बुद्धिवादी म्हणतो, शंका घ्या, श्रद्धा उणी होईल. दोघे व्याख्यानमालांतून एकमेकांवर तुटून पडतात, पण तराजू दोघांचा एकच. भांडण फक्त कोणते पारडे खाली यावे एवढ्याचे.

मला हा तराजूच खोटा वाटतो. माझे म्हणणे असे, की शंका विश्वासाच्या पोटी जन्मते. ज्या माणसावर, ज्या ग्रंथावर, ज्या व्यवस्थेवर आपली काहीएक भिस्त असते, तिथेच खरा प्रश्न विचारता येतो. भिस्त संपली की माणूस प्रश्न विचारत नाही. तो गप्प बसतो, निघून जातो किंवा समोर येईल त्याला माना डोलावतो. आणि जिला प्रश्न सोसत नाही ती श्रद्धा फार थोर असते असेही नाही. बहुधा ती धास्तावलेली असते. हे दाखवायला लांब जायचे कारण नाही. देवगिरीपासून पैठणपर्यंत आणि वेरूळपासून नागसेनवनापर्यंत, आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच त्याचा भरपूर पुरावा आहे.

१. शंकेला पाय टेकायला जमीन लागते

एकनाथांच्या चरित्रातली एका पैची गोष्ट मराठी माणसाला सांगावी लागत नाही. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे हिशेब पाहणाऱ्या तरुण एकनाथांना एका पैचा मेळ लागेना. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी पिटली. कीर्तनकार ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतात. स्वामींचा उपदेशही तोच आहे: असेच चित्त भगवंताकडे लाव. मला मात्र तीत वेगळेच दिसते. पै जुळत नाही म्हणून झोप कोणाची उडते? हिशेब जुळलाच पाहिजे यावर ज्याचा विश्वास आहे त्याची. जमाखर्चावरच ज्याचा भरवसा नाही, तो एक पै इकडची तिकडे मांडतो आणि घोरत पडतो.

ही झाली आख्यायिका. इतिहास तिच्याहून बोलका आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर ग्रंथ लिहून तीनशे वर्षे होत आली होती. नकला करणाऱ्यांनी शब्द बदलले होते, ओळी गाळल्या होत्या, काहींनी आपल्या पदरच्या घातल्या होत्या. नाथांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या, अपपाठ काढले. आजच्या भाषेत याला पाठचिकित्सा म्हणतात आणि विद्यापीठात त्यावर पदवी मिळते. पण काम करणारा माणूस कोण होता, ते पाहा. ज्ञानदेवांवर त्याच्याइतकी निष्ठा असलेला दुसरा माणूस त्या शतकात शोधूनही सापडणार नाही. ही निष्ठा होती म्हणूनच समोरच्या पोथीतली ओवी त्याने जशीच्या तशी स्वीकारली नाही. ग्रंथावर विश्वास आणि प्रतीवर शंका, अशी ही कामाची वाटणी आहे. निष्ठा कमी असती तर कोणत्याही पोथीवर भागले असते.

पुढे कोणी आपली ओवी यात घुसडू नये, असा इशाराही नाथांनी दिला. पण शंका इशाऱ्यांना भीक घालत नाही. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची वेगळी प्रत छापली, आणि मूळ पाठ कोणता याचा वाद सुरू झाला. त्यामुळे कोणा वारकऱ्याने पारायण सोडल्याचे ऐकिवात नाही. राजवाडे तरी एवढा आटापिटा का करत होते? ज्ञानदेवांचा खरा शब्द सापडण्यालायक आहे, असे त्यांना वाटत होते म्हणूनच.

लुडविग विट्गेन्श्टाइन या तत्त्वज्ञाने १९५१ साली मृत्यू येईपर्यंत लिहिलेल्या टिपणांत हाच मुद्दा तर्काच्या अंगाने मांडला आहे: शंका घ्यायची तर काहीतरी शंकेबाहेर धरावेच लागते, सगळ्यावर एकदम शंका घेता येत नाही. नाथांनी ताडून पाहिलेल्या पैठणच्या पोथ्यांमुळे हा मुद्दा मला त्याच्या टिपणांपेक्षा लवकर पटतो, एवढेच.

२. नागसेनाची अट

जमिनीइतकेच महत्त्वाचे आहे ते अभय. शंका ही डोक्यात चालणारी खासगी गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. पण प्रश्न कोणाला तरी विचारायचा असतो, आणि विचारल्यावर आपले काय होईल हे विचारणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते.

‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ म्हणजे ग्रीक राजा मिनँडर ऊर्फ मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद. राजा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला, राजधानी सागल. ग्रंथाच्या आरंभी एक तपशील येतो, तो वाचणारे बहुतेक जण घाईने ओलांडतात. राजा वादात इतका तिखट होता, की त्याच्यापुढे कोणाचे काही चालेना. पंडित एकामागून एक नगर सोडून गेले, आणि १२ वर्षे सागल विद्वानांवाचून ओस पडले. प्रश्न तेच, राजाही तोच, बुद्धीही तीच. पण त्या प्रश्नांनी शहर रिकामे केले.

मग नागसेन येतो. तो वादाआधी एक अट घालतो. महाराज, पंडितासारखे बोलणार असाल तर बोलू, राजासारखे बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात एकजण दुसऱ्याला कोंडीत पकडतो, दुसरा त्यातून सुटतो, कोणाची चूक निघते, तो ती कबूल करतो आणि तरी रागावत नाही. राजे एक मत मांडतात आणि ते न मानणाऱ्याला दंड करतात. मिलिंद अट मानतो, एवढेच नव्हे तर नागसेनाने आपल्याशी एखाद्या साध्या भिक्खूशी बोलावे तसे मोकळेपणी बोलावे असे सांगतो. त्यानंतर प्रश्नांची जी रीघ लागते तिने अख्खा ग्रंथ भरला आहे. आत्मा नसेल तर पुनर्जन्म कोणाचा, इथपासून पुढे एकही अवघड जागा राजा सोडत नाही. आधी ज्या प्रश्नांनी नगर ओस पाडले, त्याच जातीच्या प्रश्नांचे पुढे शास्त्र झाले. मध्ये घडले ते एवढेच, की विचारणाऱ्याने दंड बाजूला ठेवला आणि उत्तर देणाऱ्याने त्याच्यावर भरवसा टाकला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरात महाविद्यालय काढले. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. त्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनाचे. बुद्धाचे किंवा एखाद्या देणगीदाराचे नाव देणे सोपे होते. इथे विचारणाऱ्याचे नाव इमारतीला आहे, आणि ती इमारत उत्तर देणाऱ्याच्या वनात उभी आहे. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात, ज्यांच्या बापजाद्यांना पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून बोलावे लागे अशी मुले तिथे पहिल्या बाकावर बसू लागली. तिथल्याच गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ने १९६७ च्या सुमारापासून दलित लेखकांच्या पिढ्या घडवल्या. त्या लेखनातला संताप अविश्वासातून आला, असे समीक्षक सहज लिहून जातात. संतापाला कारणे होतीच. पण तो कागदावर उतरला, कारण वाचणारे आणि छापणारे कोणीतरी आपले आहे याची त्यांना खात्री पटली. त्याआधीच्या पिढ्यांना राग कमी होता थोडाच!

३. विश्वास उडाला की माणूस चौकस होतो काय?

तराजूवाल्यांचे खरे असेल, तर विश्वास जितका घटेल तितके प्रश्न वाढायला हवेत. प्रत्यक्षात काय होते?

आमच्या शहराला नाथसागराचे पाणी येते. जलाशय पैठणला, शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर. अफाट पाणी साठलेले, आणि शहरातल्या नळाला ते कित्येक दिवसांआड. जेव्हा लोकांना वाटत होते की तक्रार केली तर काही हलेल, तेव्हा हंडा मोर्चे निघत, वॉर्डाच्या सभेत नगरसेवकाला धारेवर धरले जाई, कुठली टाकी किती भरते याचा पाढा बायका तोंडपाठ म्हणत. भरवसा विरला तसे हे प्रश्नही विरले. ज्याला परवडते तो बोअर घेतो किंवा टँकरवाल्याचा नंबर फोनमध्ये ठेवतो. ज्याला परवडत नाही तो ड्रम भरून ठेवतो आणि गप्प बसतो. व्यवस्थेवरचा अविश्वास टोकाला गेला आणि चौकशी शून्यावर आली. हीच गोष्ट सरकारी शाळेची. पालकांचा तिच्यावरचा विश्वास उडाला म्हणून कोणी शाळेला जाब विचारायला गेले नाही. मुलाचा दाखला काढून नेला.

आता अविश्वासाचे दुसरे रूप. वेरूळचे कैलास लेणे परग्रहावरून आलेल्यांनी कोरले, असे सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. माणसाच्या हातून हे शक्यच नाही, इतिहासकार लपवतात, पुरातत्त्व खाते आतली दारे उघडू देत नाही. बोलणाऱ्याचा सूर पक्क्या संशयवाद्याचा. तुम्हाला शिकवले ते खोटे आहे, स्वतः विचार करा! आणि विचार करून पोहोचायचे कुठे, तर उडत्या तबकडीपर्यंत.

त्याने प्रश्न विचारलेलाच नसतो. विचारला असता तर उत्तरे डोळ्यासमोर होती. १६ क्रमांकाचे हे लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले. खडक वरून खाली कोरत आणला, म्हणून परांचीची गरज पडली नाही आणि चुकीला क्षमाही नव्हती. वेरूळच्या ३४ लेण्यांत कितीतरी कामे अर्धवट आहेत. जैन लेण्यांपैकी ३० क्रमांकाचे लेणे ‘छोटा कैलास’ म्हणून ओळखले जाते, तेही अपुरे राहिले. अशा अर्धवट जागी भिंतीला हात लावून पाहावे. छिन्नीच्या शेजारशेजारच्या खाचा बोटांना लागतात. आधी ढोबळ चर, मग मधला कंगोरा उडवलेला, मग गुळगुळीत करायला घेतलेला भाग आणि तिथेच थांबलेले काम. पाथरवटाने आपली पद्धत लिहून ठेवली असती तरी ती याहून स्पष्ट झाली नसती. शिवाय इ. स. ८१२ चा कर्कराजाचा बडोदे ताम्रपट आहे. एलापुरावरचे, म्हणजे वेरूळचे, कृष्णराजाचे देऊळ पाहून देव चकित झाले, आणि ज्याने ते घडवले तो स्थपतीही आपल्या हातून हे कसे झाले म्हणून थक्क झाला, अशा अर्थाचे वर्णन त्यात आहे. पहिले आश्चर्य कारागिराचेच होते, त्यासाठी तबकडी लागली नाही.

तज्ज्ञांवर सरसकट अविश्वास ठेवणारा माणूस कशावरच विश्वास ठेवत नाही असे होत नाही. तपासायची सवय सुटलेली असते, त्यामुळे तो वाटेल त्यावर विश्वास ठेवतो. भोळेपणा आणि सरसकट संशय यांना मी एकाच दुखण्याची दोन नावे समजतो. दोघांनाही छिन्नीच्या खाचा मोजण्याचा कंटाळा असतो.

४. गोणपाटातले १०० दाणे

आतापर्यंत शंकेबद्दल बोललो. श्रद्धेचे काय? पुराव्याच्या पलीकडे जाऊन मानणे म्हणजे श्रद्धा, अशी तिची सर्वसाधारण व्याख्या आहे. मिलिंदाने हा प्रश्नही सोडला नाही. श्रद्धेचे लक्षण काय, असे त्याने विचारले. नागसेनाने दोन सांगितली. एक, ती मन निवळवते. गढूळ पाण्यात चक्रवर्तीचे रत्न टाकावे आणि गाळ खाली बसावा तशी. दोन, ती झेप घ्यायला लावते. पुराच्या नदीकाठी लोक घुटमळत उभे असताना आपली ताकद जोखून एकजण उडी घेऊन पलीकडे जातो, आणि त्याला पाहून बाकीचे जातात. या वर्णनात पुराव्याची टंचाई कुठेच नाही. झेप घेणारा आंधळा नाही, त्याने आपले बळ जोखले आहे. फक्त जोखून झाल्यावरही उडी उरतेच.

मराठवाड्यात ही उडी दर जूनमध्ये लाखो घरे घेतात. सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ. मळणीत मार बसला, पोते उंचावरून आपटले, तरी उगवण घटते. २०२० च्या खरिपात बियाणे उगवलेच नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला आणि इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यानंतर घरच्या घरी उगवण तपासण्याची रीत गावोगावी अधिक पसरली. पोत्यातून न निवडता १०० दाणे घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरे ओले गोणपाट अंथरायचे, अलगद गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडत राहायचे. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून मोड आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा अधिक निघाले तर बियाणे पेरायचे, कमी निघाले तर एकरी प्रमाण वाढवायचे नाहीतर बियाणे बदलायचे. मग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत तिफण आवरून धरायची.

एवढे सगळे केल्यावरही पाऊस पुढे २० दिवस दडी मारणार नाही, याची हमी कोणी देत नाही. वेधशाळा शक्यता सांगते. पंचांग नक्षत्राचे वाहन सांगते, आणि शेतकरी दोन्ही ऐकतो, याचे मला कधी नवल वाटले नाही. तरीही एका सकाळी तो पेरतो. ही श्रद्धा आहे की शंका? गोणपाटाची गुंडाळी ही शंका, तिफण ही श्रद्धा, आणि ही दोन्ही एकाच माणसाची, एकाच आठवड्यातली कामे आहेत. शंका जास्त म्हणून पेरणी कमी झाली, असे घडत नाही. चाचणी करणारा निश्चिंतपणे पेरतो.

उलट दोन्ही नसलेला माणूसही गावात असतो. कर्ज काढून महागडी पिशवी आणायची, तपासायची नाही आणि उगवले नाही तर नशीब म्हणायचे. लोक याला भाबडा म्हणतात. मला तो खचलेला वाटतो. आपल्या तपासण्याने काही फरक पडेल, हा त्याचा विश्वास कधीचाच गेलेला असतो.

५. आक्षेप

पहिला आक्षेप भाविकांचा. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाचा नाश सांगितला आहे. बौद्धांच्या पाच नीवरणांतही (मनाच्या अडथळ्यांतही) विचिकित्सा, म्हणजे शंका, आहे. मग मी शंकेची भलामण कशी करतो? पण गीता सुरूच होते एका माणसाच्या शंकेने. ती शंका घेतल्याबद्दल अर्जुनाला रथातून उतरवले जात नाही. १८ व्या अध्यायापर्यंत उत्तरे दिली जातात, आणि शेवटी कृष्ण सांगतो की याचा नीट विचार कर आणि मग तुला हवे ते कर. नाश होतो तो विचारायचेही नाही आणि करायचेही नाही, अशा दुभंगलेल्या माणसाचा. पाली परंपरेत विचिकित्सेवर जे उपाय सांगितले, त्यांत पुष्कळ ऐकणे आहे आणि वारंवार प्रश्न विचारणेही आहे. गप्प बसणे हा उपाय कुठे दिसत नाही. शिवाय भाविकांनी आपलेच अभंग आठवावेत. विठ्ठलाला शिव्या घालणारी जनाबाई, मला दाराबाहेर का ठेवलेस म्हणून गाऱ्हाणे मांडणारा चोखोबा, यांच्याइतके टोकाचे प्रश्न कोणत्या नास्तिकाने विठ्ठलाला विचारले आहेत? परक्याशी असे भांडता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो बुद्धिवाद्यांचा आहे. अशाने सगळ्याच श्रद्धांना पळवाट मिळते. डॉ. श्रीराम लागू तर श्रद्धा आणि अंधश्रद्धा हा भेदच मानत नसत. प्रत्येक श्रद्धा अंधच, असे त्यांचे मत होते. विल्यम क्लिफर्ड या गणितज्ञाने १८७७ मध्ये लिहिले होते, की अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणे हे केव्हाही, कोठेही, कोणासाठीही चूकच. क्लिफर्डच्या निबंधातले उदाहरण मात्र त्याच्या सूत्रापेक्षा शहाणे आहे. एका मालकाचे जहाज जुने झालेले असते. ते तपासून घ्यावे अशी शंका त्याच्या मनात येते. खर्च दिसतो. तो स्वतःला समजावतो: इतक्या सफरी नीट झाल्या, ही पण होईल, परमेश्वर देशांतराला निघालेल्या या कुटुंबांना सांभाळील. हळूहळू त्याला मनापासून खात्री वाटू लागते. जहाज माणसांसकट बुडते आणि मालक विम्याचे पैसे घेतो. त्याचा गुन्हा काय? पुरावा कमी होता हा गुन्हा असेल, तर दर जूनमध्ये पेरणारा प्रत्येक शेतकरी गुन्हेगार ठरेल. आलेली शंका त्याने दाबली आणि बुडण्याची पाळी दुसऱ्यांवर आणली, हा गुन्हा. माझी कसोटी इथूनच घेतली आहे: श्रद्धेने प्रश्नाचे काय केले, आणि न विचारलेल्या प्रश्नाची किंमत कोणी मोजली?

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही याच वाटेने जातो. तो कोणी काय मानावे यात पडत नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावाखाली फसवणूक, साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखणे, ही कृत्ये तो पकडतो. सर्पदंशाचे कलम मला विशेष वाटते. मंत्र म्हणणाऱ्याच्या मंत्राला कायद्याने हात लावलेला नाही. त्याने अडवलेली दवाखान्याची वाट मोकळी केली आहे.

लागूंचे मत या कायद्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना सगळेच मान्य नव्हते. देवाला निवृत्त करा म्हणणारे लागू आणि श्रद्धाळू माणसाला बरोबर घेऊन जाऊ पाहणारे दाभोलकर गावोगाव एकाच मंचावर बसून हा मतभेद लोकांसमोर मांडत. एकमेकांवर पक्का भरवसा असलेल्या दोन माणसांनाच हे जमते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. हा श्रद्धेचा अतिरेक होता, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. मला तसे वाटत नाही. आपला देव एका डॉक्टरच्या व्याख्यानातून वाचणार नाही असे ज्याला वाटते, त्याच्या श्रद्धेत अतिरेक होण्याइतके शिल्लकच काय आहे?

तिसरा आक्षेप दुःखी माणसाच्या वतीने घेतला जातो. पोर गेलेली आई देवापुढे बसली असेल, तर तिला पुरावा विचारणार का? नाही. ती काही सिद्ध करत नसते, आणि तिच्या बसण्याची किंमत दुसरा कोणी मोजत नसतो. ती किंमत वसूल करायला कोणी शेजारी येऊन बसला, गंडा-दोरा आणि आकडा घेऊन, तर प्रश्न त्याला विचारायचा.

६. विचारायचा हक्क कोणाला?

यापुढचा भाग मला सर्वांत अवघड वाटतो. विश्वासातून प्रश्न निघतो हे मान्य केले, तरी तो विचारायला उभे कोण राहू शकते, हे समाज ठरवतो. परंपरा सांगते, की संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेली ज्ञानदेवांसह चार भावंडे शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मसभेपुढे गेली. रेड्याच्या तोंडून वेद ऐकवल्याची कथा तिथली. भाविक रेड्याला हात जोडतात, बुद्धिवादी रेड्याला हसतात. रेड्याच्या गडबडीत सभा सुटून जाते. आमचा अपराध काय, हे मुलांनी विचारण्याची सोयच ज्या सभेत नव्हती, तिच्यापुढे चमत्काराशिवाय दुसरा कोणता युक्तिवाद चालला असता? जिथे प्रश्नाला जागा नसते तिथे लोकांना चमत्कार लागतात.

आंबेडकरांनी ही सभा पुन्हा एकदा पाहिली. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. देवळात जाऊन आपला प्रश्न सुटेल अशी त्यांची भाबडी समजूत नव्हती. हिंदू मन माणुसकी मानायला तयार आहे का, हे त्यांना अजमावायचे होते. म्हणजे तो प्रश्नच होता, आणि उत्तर येऊ शकते एवढ्या भरवशावर विचारलेला. चोखोबाचाच प्रश्न, पण या वेळी हजारो लोक तो घेऊन दाराशी उभे होते. उत्तर आले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी सांगितले, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. विश्वास संपला की माणूस प्रश्न विचारणे थांबवतो आणि निघतो, हे मी वर म्हटले. इथे निघून जाणे ही पळवाट नव्हती. इतकी वर्षे विचारून झाल्यावर दुसरे काही उरले नव्हते.

नव्या घरात शिरायला त्यांनी २१ वर्षे घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा लाखो लोक त्यांच्या भरवशावर मागे उभे होते. नागसेनाच्या नदीकाठावरची ती उडी होती, आणि तिच्याआधीचे जोखणे दोन दशकांचे. दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये निघाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी बौद्ध परंपरेपुढेच चार प्रश्न ठेवले आहेत. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा बुद्धीला पटते का? चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीत होती, की ती नंतर आली? आत्मा नाही म्हणायचे आणि कर्म व पुनर्जन्म मानायचे, हे जुळते कसे? आणि भिक्खू हा परिपूर्ण माणूस, की समाजाचा सेवक? ज्या धम्मात लाखो लोकांना घेऊन हा माणूस शिरला, त्याच्या उंबऱ्यावरच त्याने हे लिहिले.

वाचकांनीही पुढे यावे आणि या प्रश्नांच्या उत्तरांत भर घालावी, अशी इच्छा त्याने त्याच प्रास्ताविकात व्यक्त केली आहे. पुस्तक निघून सहा दशके उलटली. ते घराघरांत आहे, विहारांत त्याचे वाचन होते, वर्षावासात त्याची पारायणे होतात. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नावर किंवा चौथ्या प्रश्नावर झालेले जाहीर वाद मोजायला बसलो तर बोटे उरतात. चौथा तर आजही जिवंत प्रश्न आहे: विहारातला भिक्खू वस्तीसाठी काय करतो, हे वस्तीने त्याला विचारायचे की नाही? नागसेनवनातल्या वर्गांत हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा मानायचे काही कारण मला दिसत नाही.